मीटरवरचा ‘1’

पहिल्या दिवशी मीटरवर ‘1’ दिसला. मी वहीत लिहिलं: जागा पहिली, 1. पन्नास पावलांवरच्या दुसऱ्या खड्ड्यात तेच. तिसऱ्यातही तेच. मला बरंच वाटलं. इतके सारखे आकडे आले की आपलं काम नीट चाललंय असं वाटायला लागतं. मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो, डेसीसायमन प्रति मीटर या एककात; मीठ जास्त तितका आकडा मोठा. शिवाय 1 म्हणजे भाताला चालेल अशी माती. खाजण, म्हणजे भरतीचं खारं पाणी येणारी खाडीकाठची दलदल, तर चांगलंच सुधारलं की!

गावातले शेतकरी नाना बांधावर उकिडवे बसून बघत होते. उठून खाली आले, माझ्या मगातल्या गढूळ पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि बाजूला थुंकले.

“बाय, ह्या पान्यात कालवन केलंस तं वरून मीठ नको घालायला.”

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. त्यामुळे पुढचं वाक्य लिहायला जरा जड जातंय. तो ‘1’ वाचन नव्हताच. माझ्या स्वस्तातल्या मीटरची हद्द 20 डेसीसायमनपर्यंत. त्यापुढे गेलं की पडद्याच्या डाव्या कडेला एक एकटा ‘1’ उभा राहतो, उजवीकडची घरं रिकामी. म्हणजे मीटर सांगत होता की माझ्याच्यानं होत नाही, आणि मी ते मोजमाप म्हणून टिपत होते. समुद्राच्या पाण्याची विद्युतवाहकता 50 च्या आसपास असते. खाजणाच्या चिखलातलं पाणी त्या मीटरला झेपणार नाही हे घरी बसून कळायला हवं होतं.

आमचं गाव अलिबाग आणि पेणच्या मधल्या खारेपाटात. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीत मी सदस्य आहे. 2002 च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे अशा समित्या असतात आणि त्यांनी गावाची लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. आमच्या नोंदवहीत पक्षी, मासे, भाताची जुनी वाणं वगैरे नीट उतरली. अडलं ते रस्त्याच्या आतल्या तिवरांपाशी. तिवर म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारं खारफुटीचं झाड. खाडीकडे जाणारा रस्ता भराव घालून उंच केला तेव्हा खाजणाचा चारेक एकराचा तुकडा आतल्या अंगाला राहिला. बाहेरच्या अंगाचे तिवर हिरवेगार, आणि आतले शेंड्यापासून वाळत चाललेले. खोडं करडी, पानं पिवळी, खाली नवं रोप नाही. कुणी म्हणे रोग पडला, कुणी म्हणे अळी. अळी पडते खरी तिवरावर, अख्खं रान खराट्यासारखं करते, पण पुढच्या पालवीत झाड परत भरतं. हे झाड भरत नव्हतं. एकदोघांनी तर कुणीतरी औषध मारलं असंही हळूच सुचवलं, कारण रस्त्यालगतच्या जमिनीचे भाव. माझ्या मनात मीठ होतं. म्हणून वनखात्याकडून मातीचे नमुने घ्यायची परवानगी काढली आणि वर्षभर मोजायचं ठरवलं.

पहिली अडचण वेळेची. चिखलात उतरायचं तर ओहोटी हवी, आणि माझं कॉलेज सकाळी. मी मोबाइलवर भरतीचं कोष्टक शोधत होते तर नानांनी बोटांवर हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. म्हणजे अष्टमीला दुपारी बारा वाजता पाणी बाहेर, आणि तो भांगाचा, म्हणजे लहान भरतीचा, दिवस असल्यानं भरतीही दमाने चढते. उधाणाच्या दिवसांत ओहोटी भल्या पहाटे किंवा संध्याकाळी, आणि पाणी वळलं की मागे बघायला वेळ देत नाही. मी अष्टमी धरली. महिन्यातून दोन अष्टम्या, त्यातली एक बहुधा सुट्टीला जुळायची. न जुळली तर किरकोळ रजा. वर्षाच्या शेवटी मुख्याध्यापकांनी विचारलंच, “मॅडम, तुमचा अष्टमीचा उपास असतो का?”

नमुना घेणं सोपं वाटतं. कोरड्या शेतात गिरमिट फिरवलं की माती वर येते. इथे गिरमिट वर येतं ते नुसतंच, चिखल पुन्हा भोकात. शेवटी पीव्हीसी पाइपचा पाऊण मीटरचा तुकडा घेतला, एका तोंडाला कानशीनं धार लावली. तो सरळ खाली दाबायचा, वरच्या तोंडावर तळहात घट्ट धरायचा आणि हळूहळू फिरवत उपसायचा. हाताखाली हवा कोंडते म्हणून आतला चिखल सुटत नाही. मग दांडक्यानं ढकलून फडक्यावर काढायचा. वरचे पाच सेंटिमीटर वेगळे, मग वीसपर्यंतचे, मग पन्नासपर्यंतचे. वरचा तपकिरी, खालचा निळसर काळा, सडक्या अंड्याचा वास मारणारा. पिशवीत चिठ्ठी टाकायची ती पेन्सिलीनं लिहिलेली. पहिल्या खेपेच्या सात चिठ्ठ्यांवरची शाई फुटून निळा डाग उरला होता, ते सात नमुने फेकले.

चिखलातल्या पाण्याचा खारटपणा मात्र तिथेच मोजावा लागतो. त्यासाठी मीटर बाजूला ठेवून रिफ्रॅक्टोमीटर घेतला. टॉर्चएवढी नळी, पुढे तिरपी काच. काचेवर पाण्याचा थेंब टाकून उजेडाकडे धरायचं, निळा आणि पांढरा भाग जिथे मिळतो तिथला आकडा वाचायचा. हजार भागांत किती भाग मीठ, ते कळतं. समुद्राला 35 येतात. दर वेळी आधी डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून शून्य जुळतंय ना बघायचं. पाणी काढायला बारीक भोकं पाडलेली नळी जमिनीत खुपसायची आणि इंजेक्शनच्या मोठ्या पिचकारीनं ओढायचं. पहिलं पाणी टाकून द्यायचं. गढूळ पाण्यात रेघ पुसट होते, म्हणून कापसातून गाळून घ्यायचं. सगळं मिळून एका जागेला वीसेक मिनिटं लागतात, तोवर पाय मांडीपर्यंत रुतलेले असतात.

मातीचं काम घरी. सावलीत, वर्तमानपत्रावर पसरून वाळवायचं, लाकडी ठोकळ्यानं फोडायचं, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढायचं. खाजणाची माती वाळली की विटेसारखी होते. शेजारच्या वहिनी विचारायच्या, “गणपती घरीच करताय का यंदा?” मग 20 ग्रॅम माती, 100 मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर, बाटलीत घालून तासभर अधूनमधून हलवायचं, निवळू द्यायचं आणि वरच्या पाण्यात मीटर बुडवायचा. इतकं पाणी मिसळल्यावर तोच वीसच्या हद्दीतला मीटर चालतो. पाणी गॅरेजमधून बॅटरीचं आणायचे. एकदा ते संपलं म्हणून घरच्या फिल्टरचं वापरलं, तर माती घालायच्या आधीच मीटर 0.2 दाखवू लागला. ते पाणी चहाला गेलं.

मीटर खरं बोलतोय का हे बघायला प्रयोगशाळेत 0.745 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड एक लिटर पाण्यात विरघळवलं. 25 अंशाला या द्रावणाची वाहकता 1.413 यायलाच हवी. माझा मीटर 1.29 म्हणाला, त्याचा स्क्रू पिळून जागेवर आणला. तापमानाचंही भान ठेवावं लागतं. एका अंशाला साधारण 2 टक्के फरक पडतो, म्हणजे मे महिन्यात बांधावर घेतलेलं आणि पंख्याखाली घेतलेलं वाचन शेजारी मांडायचं तर दुरुस्ती हवीच. आणि मीटरवर ‘टीडीएस’ असं बटण असेल तर त्याला हात लावू नका. तो वाहकतेला कधी 0.5 नं, कधी 0.7 नं गुणून आकडा दाखवतो, आणि कशानं गुणलं ते पडद्यावर सांगत नाही.

अजून एक गुणाकार आहे आणि तो चुकवून चालत नाही. पुस्तकातल्या सगळ्या मर्यादा संपृक्त मातीच्या अर्कासाठी दिलेल्या असतात. मातीत पाणी मिसळत मिसळत जायचं. पृष्ठभाग चकाकू लागतो, चाकूवरून लगदा आपसूक घसरतो, पण वर पाणी साचत नाही, तिथे थांबायचं. रात्रभर ठेवून अर्क ओढून घ्यायचा. आमच्या चिकणमातीतून तो थेंब थेंब येतो. चार नमुन्यांत माझा एक रविवार गेला. बाकीच्यांसाठी एकास पाच या पातळ अर्काचा आकडा घेऊन चिकणमातीला सहा-सातनं गुणलं. रेताड मातीला हाच गुणक कितीतरी मोठा असतो. म्हणून कुणी नुसता “ईसी 5” (ईसी म्हणजे विद्युतवाहकता) असं सांगितलं तर आधी विचारावं, कोणत्या अर्काचा?

खात्री म्हणून चार नमुने एका माती परीक्षण प्रयोगशाळेत दिले. अहवाल वेळेत आला, आकडेही माझ्याशी जुळले. खाली शिफारस होती: जमीन अतिक्षारयुक्त, चर काढून निचरा करावा, शेणखत घालावं, क्षार सहन करणारं पीक घ्यावं. त्यात त्यांची चूक काय म्हणा. फॉर्मवर ‘पीक’ या रकान्यात मी ‘तिवर’ लिहिलं होतं, ते कुणीतरी ‘तूर’ वाचलं असावं. पण मला त्यातून एक कळलं. 4 डेसीसायमनच्या वर गेली की माती खारवट, हा दंडक शेतीचा आहे. भाताला 3 च्या पुढे प्रत्येक डेसीसायमनमागे साधारण 12 टक्के उत्पन्नाचा फटका बसतो. तिवराला 3 म्हणजे जवळपास गोडं पाणी. खाजण आजारी आहे का, हे शेताच्या फूटपट्टीनं विचारून उत्तर मिळणार नव्हतं.

मग कोणत्या फूटपट्टीनं? मी बाहेरचं हिरवं खाजणच फूटपट्टी धरलं. दोन्हीकडे तीन-तीन जागा, त्याच खोलीवर, त्याच दिवशी.

मे महिन्यात आतल्या तुकड्यात जमिनीला भेगा पडल्या होत्या आणि भेगांच्या कडांवर मीठ फुललं होतं. चप्पल घालून चालता येत होतं, हेच मुळात खाजणाला शोभत नाही. बाहेर दहा सेंटिमीटरवर पिचकारीत पाणी आलं, रिफ्रॅक्टोमीटरवर 38. आत पिचकारीचा दट्ट्या ओढून ओढून अंगठा दुखला, पाणी आलंच नाही. खड्डा केला, चाळीस सेंटिमीटरवर अर्ध्या तासानं तळाला ओलावा जमला. 78. समुद्राच्या दुपटीहून जास्त. नानांनी इथेही बोट लावलं आणि म्हणाले, “खारा.” बाहेरच्यालाही ते खाराच म्हणाले होते. जिभेलाही माझ्या मीटरसारखी हद्द असते म्हणायची.

तिवर मीठ सोसतो तो पानांतून ते बाहेर टाकून. पान उलटून जीभ लावली तर खारट लागतं, उन्हात कणही दिसतात. कांदळ या दुसऱ्या खारफुटीच्या झाडाची तऱ्हा निराळी, तो मुळाशीच बहुतेक मीठ अडवतो. पण सोसणं वेगळं आणि त्यात वाढणं वेगळं. तिवर सर्वांत जोमानं वाढतो तो समुद्राच्या निम्म्या किंवा त्याहून कमी खारटपणात. त्यापुढे चढत गेलं की झाडाची सगळी कमाई मीठ उपसण्यातच जाते.

तेव्हा मला वाटलं, झालं, कारण सापडलं. आत मीठ जास्त. नोंदवहीत एक ओळ लिहायची आणि मोकळं व्हायचं. नशिबानं श्रावणातली फेरी चुकवली नाही. आत घोटाभर पाणी साचलेलं, बेडूक ओरडत होते, रस्त्याच्या कडेनं पाणकणीस उगवलं होतं. रिफ्रॅक्टोमीटरवर 3. बाहेर 14. म्हणजे आजारी तुकडा आता निरोगी तुकड्यापेक्षा गोडा! मी फक्त पावसाळ्यात मोजलं असतं तर लिहिलं असतं की आतलं खाजण सुधारतंय. खाली पाइप दाबला तेव्हा पन्नास सेंटिमीटरवर 31 आले. वरचं मीठ धुतलं गेलं होतं, मुळांच्या बुडातलं तिथेच होतं. बाहेर वर आणि खाली फारसा फरक नव्हता.

हे आकडे मी नानांना बांधावर बसून वाचून दाखवले. नाना तरुणपणी उरणकडे मिठागरात कामाला होते. त्यांनी रस्त्याखालच्या मोरीकडे हात केला. तीन पाइप, दोन गाळानं बुजलेले. तिसऱ्याचं बूड खाजणाच्या तळापेक्षा चांगलं हातभर उंच.

“उदानाचं पानी ह्यातून आत येतं. भांगाचं येत नाय. आलेलं परत जात नाय. मंग उनानं आटतं. याला मिठागर म्हनतात, बाय. तुमी रस्ता बांधला नाय, मिठागर बांधलंय.”

मी सहा महिने मीठ मोजत होते आणि पाइपचं बूड एकदाही मोजलं नव्हतं. भरती मीठ आणते हे सगळ्यांना दिसतं. पण तीच भरती, ओहोटी होऊन परत जाताना, साठलेलं मीठ घेऊन जाते. त्यातलं पुष्कळ काम चिंबोऱ्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या, बिळांतून होतं. पाणी बिळांत शिरतं, आजूबाजूच्या चिखलातलं मीठ उचलतं आणि बाहेर पडतं. त्या दिवसापासून मी बिळंही मोजायला लागले. मीटरभर चौकटीत बाहेर तीस-चाळीस, आत दोन किंवा तीन, तीही जुनी. निवटा, चिखलात उड्या मारणारा मासा, आत एकही नाही. चिंबोऱ्या धरणाऱ्या बायका आत उतरायच्या थांबल्या त्याला चार वर्षं झाली होती, हे नंतर चौकशीत निघालं. नोंदवहीची माहिती त्यांच्याकडेच होती, आम्ही विचारलं नव्हतं.

वाळवलेल्या नमुन्यांनी आणखी एक चकवा दिला, तो इथेच सांगते. आतल्या, खालच्या थराच्या काही पिशव्या महिनाभर घरी राहिल्या. पुन्हा मोजल्या तर वाहकता वाढलेली आणि लिटमस लालभडक. त्या काळ्या चिखलात गंधकाची संयुगं असतात. हवा लागली की त्यांचं आम्ल होतं, आणि तेही वाहकतेत भर घालतं. त्यानंतर असे नमुने ओलेच, शीतपेटीतून आणून दुसऱ्या दिवशी मोजले. आणि एक धास्ती बसली ती बसलीच: मेमध्ये भेगाळलेल्या त्या जमिनीतही हेच होत असेल.

ग्रामसभेत हे मांडलं तेव्हा सगळ्यांना पटलं असं नाही. आणि न पटण्यात अर्थ होता. नानांचंच शेत घ्या. खाडीकडच्या बाहेरकाठ्याला, म्हणजे बाहेरच्या बांधाला, खांड पडली, बांध फुटला, वेळेत बुजवली गेली नाही, खारं पाणी शिरलं, दोन पावसाळ्यांत भातात तिवराची रोपं. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2005 च्या आदेशापासून कांदळवनाला, म्हणजे तिवर-कांदळाच्या रानाला, संरक्षण आहे, 2018 च्या निकालानं ते पक्कं झालं. एकदा तिवर उभा राहिला की शेत गेलं. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रानं खाऱ्या जमिनीत तगणारी भाताची वाणं काढली आहेत, पण तीही बांध शाबूत असेल तर. नानांच्या त्या शेतातला एक नमुना मी काढला होता. संपृक्त अर्काचा हिशेब 9 आला. भाताच्या दृष्टीनं उजाड, तिवराच्या दृष्टीनं नंदनवन. तोच आकडा एका वहीत ‘आरोग्य चांगलं’ म्हणून जातो आणि दुसऱ्या वहीत ‘नापीक’ म्हणून. सभेत नाना म्हणाले, “हिचा तिवर जगावा म्हनून मोरी खोल करा, माझी ना नाय. पन माझी खांड बुजवायला कोन मशीन लावनार?” कुणी उत्तर दिलं नाही. मीही नाही. माझ्याकडे नव्हतं.

ठराव दोन झाले. बुजलेले पाइप साफ करायचे, आणि उंच पाइप खाली बसवायचा. पहिलं काम नवरात्राच्या आधी झालं, दुसऱ्याचा कागद फिरतो आहे. साफ केलेल्या पाइपांतून आता भांगाचं पाणीही थोडं आत येतं आणि बरंचसं परत जातं. मार्गशीर्षात एका जागी चिंबोरीचं ताजं बीळ दिसलं, बाहेर ओल्या मातीच्या गोळ्या. एकच. फोटो काढला, अंदाज नाही काढला. पावसानं धुतलेलं किती आणि पाइपांनी नेलेलं किती, हे मेमध्ये मोजल्याशिवाय सांगता येणार नाही.

परवाची माघातली अष्टमी. दुपारी बारा. नाना काठी टेकत आले आणि मोरीच्या कठड्यावर बसले. आत दहा सेंटिमीटरवर नळी खुपसली, दट्ट्या ओढला आणि पिचकारीत गढूळ पाणी सरसरत वर आलं. पहिलं टाकलं, दुसरं गाळलं, थेंब काचेवर. 44. बाहेर 33 होते. नळी नानांच्या हातात दिली, त्यांनी उजेडाकडे धरून बघितलं, काही दिसलं नाही म्हणाले, आणि काचेवरचा थेंब बोटानं पुसून जिभेला लावला.

मी वहीत लिहिलं: जागा चौथी, 44. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: नानांच्या मते, खारा.